व्हायोलिनांचें कोठार

गाण्यांवर लिहितांना आमचे टीकाकार बहुधा गायकापाशीं आरंभ करतात आणि गायकापाशींच थांबतात. फार झालें तर कवीचें नांव घेतात आणि चाल कोणी बांधली तें सांगतात. गायकाच्या पाठीमागें जो वाद्यांचा ताफा असतो त्याची दखल घेण्याची चाल आमच्याकडे पडलेली नाहीं. चित्रपटगीताच्या दोन ओळींमधली मोकळी जागा भरून काढणारा, अंतऱ्याच्या तोंडाशीं एकदम उसळून येणारा, आणि गायक शेवटच्या शब्दावर विसावला असतां त्याच्या खालून हलकेच सरकत जाणारा तो अनेक व्हायोलिनांचा एकत्र नाद ज्यानें ऐकला नाहीं असा वाचक सांपडणें कठीण आहे. हा नाद आतां कोठून येतो आणि त्याच्या येण्याची वाट बदलल्यामुळें त्याचें काय झालें, याचा विचार आज करावयाचा आहे. हा विषय मुंबईचा किंवा लंडनचा. यवतमाळीं बसून त्यावर लिहिण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. प्रयोजन एवढेंच कीं, पूर्वीं हा नाद मुंबईहून तयार होऊन आमच्याकडे येत असे. आतां तो आमच्याच जिल्ह्यांत, तालुक्याच्या गांवच्या दहा-बारा फुटांच्या खोलींत, एकटा मनुष्य तयार करूं शकतो. तेव्हां त्याच्या बऱ्यावाइटाची जबाबदारीहि थोडीशी आमच्याकडे आली आहे.

हा नाद आतां बहुतेक वेळां कोठारांतून येतो. हें आम्ही अलंकारिक बोलत नाहीं. ज्यास या धंद्यांतले लोक ‘सँपल लायब्ररी’ म्हणतात आणि आम्ही या लेखापुरतें ‘स्वरसंग्रह’ म्हणूं, ती वस्तु म्हणजे सुट्या सुट्या स्वरांचें खरोखरीचें कोठार होय. एखाद्या प्रशस्त दालनांत पाश्चात्य वाद्यवृंदांतील तंतुवाद्यें वाजविणारे वादक बसवावयाचे. पहिलीं व्हायोलिनें सोळा, दुसरीं चौदा, व्हायोला बारा, चेलो दहा आणि डबल बास आठ, असा मोठ्या सिंफनी वृंदाचा सामान्य हिशेब असतो. मग त्यांतील एकेका विभागाकडून एकच स्वर वाजवून घ्यावयाचा, तो पुरता विरून जाईपर्यंत मुद्रित करावयाचा, आणि नंतर त्याच्या शेजारचा अर्धस्वर घ्यावयाचा. सर्व स्वर झाले म्हणजे तेच पुनः हळू, तेच मध्यम, तेच जोरानें. त्यानंतर गज लांब ओढून, गज तोडून, गज तारेवर उडवून, गज थरथरवून, आणि गज बाजूला ठेवून नुसत्या बोटानें तार छेडून. आणि हें सर्व पुनः तीन-चार वेळां; कारण एका स्वराची एकच प्रत ओळीनें चार वेळां वाजली तर हें यंत्र आहे असें कानाला तत्काळ समजतें. मनुष्य तोच स्वर दोनदां तंतोतंत सारखा कधींच काढीत नाहीं.

वाचकांनीं स्वतः गणित करून पाहावें. व्हायोलिनचा विस्तार सुमारें ४५ अर्धस्वरांचा धरला, आवाजाच्या ४ पायऱ्या, ४ पुनरावृत्ति आणि गजाचे १० प्रकार धरले, तर एकट्या एका विभागाचे ७,२०० तुकडे होतात. शिवाय प्रत्येक तुकडा एकाच वेळीं अनेक मायक्रोफोनांनीं घ्यावयाचा असतो: कांहीं वादकांच्या अगदीं जवळ, तीन वृंदाच्या अग्रभागीं उंच टांगलेले (ही तिघांची मांडणी १९५० नंतर डेक्का कंपनीच्या तंत्रज्ञांनीं रूढ केली), आणि कांहीं दालनाच्या दूरच्या भिंतीकडे. हेतु हा कीं, पुढें संग्रह वापरणाऱ्यास आपल्या इच्छेप्रमाणें वृंद जवळ ओढतां यावा किंवा दूर लोटतां यावा.

वादकाच्या दृष्टीनें याहून नीरस काम नाहीं. चाल नाहीं, ताल नाहीं, आरंभ नाहीं, शेवट नाहीं. केवळ एक स्वर आणि मग शांतता. कोणाची खुर्ची करकरली, कोणाच्या बाहीचें बटण वाद्याच्या लांकडाला लागलें, हवा थंड करणारें यंत्र घुमलें, कीं तो तुकडा टाकून पुनः घ्यावयाचा. सकाळीं दहा वाजतां स्वराला जो रंग होता तोच दुपारीं चार वाजतां राहिला पाहिजे. नाहीं तर वापरणाऱ्याचें बोट शेजारच्या पट्टीवर जातांच सकाळ संपून दुपार झाल्याचें ऐकूं येईल. आयुष्यभर बीथोव्हेन आणि ब्राम्स वाजविलेल्या माणसांकडून हें काम करवून घेण्यांत एक प्रकारची क्रूरता आहे, असें आम्हांस वाटल्यावांचून राहत नाहीं. परंतु शिस्तीचें खरें मोल अशा कामांतच कळतें, हेंहि तितकेंच खरें.

या कल्पनेचा इतिहास फार जुना नाहीं. अमेरिकेंत हॅरी चेंबरलिन यानें पेटीच्या प्रत्येक पट्टीखालीं एक एक चुंबकीय फीत बसविली. तीच युक्ति घेऊन इंग्लंडांत १९६३ सालीं मेलोट्रॉन निघालें. पट्टी दाबली कीं फीत सरके आणि तिजवर मुद्रित केलेला व्हायोलिनांचा स्वर ऐकूं येई. सुमारें आठ सेकंदांनीं फीत संपे आणि तिजबरोबर स्वरहि संपे. १९७९ सालीं ऑस्ट्रेलियांत फेअरलाइट नांवाचें संगणकी वाद्य तयार झालें आणि फितीची गरज उरली नाहीं. १९९० नंतर मिरोस्लाव्ह व्हिटूस या मूळच्या झेक बासवादकानें प्रागच्या झेक फिलहार्मोनिक वृंदाचा संग्रह मुद्रित करून घेतला. २००० सालीं व्हिएन्ना येथें हर्ब टुक्मांडल यानें याच कामासाठीं स्वतंत्र संस्था काढली. टुक्मांडल हा स्वतः चेलोवादक होता, ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी, कारण तिचा पुढें संबंध येणार आहे. २०१९ सालीं लंडनच्या स्पिटफायर या कंपनीनें बी.बी.सी. सिंफनी ऑर्केस्ट्राचा संग्रह त्या वृंदाच्या मायडा व्हेल येथील स्टुडिओंत मुद्रित करून प्रसिद्ध केला. त्याची सर्वांत मोठी आवृत्ति सुमारें ६०० गिगाबाइटांची. परंतु २०२० सालीं त्याची जी लहान आवृत्ति काढली ती अवघ्या २०० मेगाबाइटांची, आणि ती विनामूल्य मिळण्याचीहि सोय कंपनीनें ठेविली. म्हणजे आमच्या पुसदच्या किंवा वणीच्या एखाद्या मुलाजवळ साधा संगणक असला, तर लंडनचा सबंध वृंद, लहान प्रमाणांत कां होईना, त्याच्या टेबलावर येऊन बसतो. पूर्वीं त्याला व्हायोलिनांचा ताफा नुसता पाहावयाचा म्हटला तरी शेंकडों किलोमीटर प्रवास करून मुंबई गांठावी लागली असती, आणि तेथेंहि स्टुडिओचें दार त्याच्यासाठीं उघडलें असतें असें नव्हे. ही सोय क्षुद्र आहे असें जो म्हणेल त्यानें खेड्यांत राहून संगीत करण्याची इच्छा कधीं बाळगली नसावी.

तेव्हां यंत्र आलें आणि कला बुडाली, हें रडगाणें आम्ही गाणार नाहीं. आमची तक्रार निराळी आहे, आणि ती समजण्यासाठीं हे संग्रह काय चांगलें करतात आणि काय वाईट करतात हें बारकाईनें ऐकलें पाहिजे.

लांब, संथ, एकावर एक रचलेले स्वर हे संग्रह उत्तम वाजवितात. एखादा संधिस्वर धरून ठेवला तर तो खऱ्या वृंदाचा कीं कोठारांतला, हें चांगल्या कानालाहि पुष्कळदां ओळखतां येणार नाहीं. आणि कां यावें? तो खऱ्याच वृंदाचा असतो. तुटक, उडत्या गजाचे स्वरहि बरे साधतात. अडचण येते ती एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर जातांना. खरा वादक षड्जावरून गांधारावर जातो तेव्हां षड्ज संपून गांधार सुरू होत नाहीं; मधल्या क्षणांत बोट तारेवरून सरकतें, गजाचा दाब किंचित् ढिला पडून पुनः वाढतो, आणि त्या क्षणाला नांव नसलें तरी गाण्याचा जीव त्यांतच असतो. सुटे स्वर मुद्रित करण्याच्या पद्धतींत नेमका हाच क्षण वगळला जातो. व्हिएन्नाच्या संस्थेनें यावर तोड काढली ती चेलोवादकालाच सुचावी अशी: स्वर तर मुद्रित केलेच, पण एका स्वरावरून दुसऱ्यावर जाण्याच्या क्रियाहि वेगळ्या मुद्रित केल्या. ४५ अर्धस्वरांत एका सप्तकाच्या आंतले चढते-उतरते असे सर्व प्रवास मोजले तर ते ९२४ भरतात. ते एका आवाजाचे, एका गतीचे. ते सर्व घेतले. पुढें इतरांनींहि तीच पद्धत उचलली. ही कारागिरी विलक्षण आहे आणि तिच्यापुढें आम्ही मान लववितों. तथापि त्या ९२४ प्रवासांपैकीं प्रत्येक प्रवास एकाच विशिष्ट रीतीनें केलेला आहे, आणि ती रीत व्हिएन्नाची आहे.

आमच्या जिल्ह्यांतील वाचकांस जिनिंगचें उदाहरण दिलें म्हणजे मुद्दा चटकन् ध्यानांत येईल. कापूस जिनांत गेला म्हणजे रुई एकीकडे आणि सरकी दुसरीकडे पडते. रुईच्या गांठी बांधून त्या कोठेंहि पाठवितां येतात, आणि त्यांपासून कोणत्याहि गिरणींत वाटेल तें कापड निघतें. पण पुढल्या वर्षीं पऱ्हाटी उगवावयाची तर ती सरकींतून. स्वरसंग्रह ही रुईची गांठ आहे. स्वच्छ, दाबलेली, कोणालाहि उपयोगी. आणि तिच्यांत सरकी नाहीं.

आमच्या संगीतांत ही सरकी कोणती होती? मुंबईच्या चित्रपटसृष्टींत जो तंतुवाद्यांचा ताफा चार-पांच दशकें नांदला त्यानें स्वतःची एक बोली तयार केली होती. त्यांत गोव्याचे वादक पुष्कळ होते. चर्चच्या शाळांतून त्यांना पाश्चात्य स्वरलिपि वाचतां येत असे. त्यांतील अँथनी गोन्साल्विस हे मजोर्ड्याचे. त्यांनीं अनेक संगीतकारांसाठीं वाद्यरचना केली, प्यारेलाल शर्मांसारखे शिष्य तयार केले, आणि १९५८ सालीं हिंदी रागसंगीत व पाश्चात्य वृंद यांचा मेळ घालणारा स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटांतल्या गाण्यांत जें नांव आमच्या पोराबाळांच्या तोंडीं बसलें तें याच गृहस्थांचें. सेबास्तियन डिसोझा यांनीं शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांना जें व्हायोलिनांचें वेष्टण दिलें त्याची ओळख वाचकांस करून देण्याची गरज नाहीं. यांच्या शेजारीं खुर्ची टाकून बसणारे दुसरे वादक हिंदुस्थानी पद्धतींत वाढलेले होते. ते कागदावर सारेगम लिहून घेत. संगीतकार ओळ गाऊन दाखवी. त्या ओळींतली मींड कोणत्याहि लिपींत पुरती उतरत नसे. ती ताफ्याचा म्होरक्या गजानें दाखवी आणि वीस-पंचवीस गज तिच्यामागें जात. अशा रीतीनें वाद्य युरोपचें, लिपि युरोपची, पण सरकणें आमचें, असा एक नाद तयार झाला. एकेकट्या व्हायोलिनवादकाला मींड घेतां येते यांत नवल नाहीं. वीस माणसांना ती एकाच वेळीं, एकाच वेगानें घेतां येऊं लागली, हें नवल होतें.

मराठी गाण्यांतहि ही बोली रुजली. १९७३ सालीं यवतमाळीं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें तेव्हां अध्यक्षस्थानीं ग. दि. माडगूळकर होते, चित्रपटगीतें लिहिणारा कवि त्या पीठावर बसला याचा आमच्या गांवाला योग्य अभिमान आहे. त्याच माडगूळकरांचें ‘गीतरामायण’ १९५५-५६ सालीं पुणें आकाशवाणीवरून सुधीर फडके यांच्या चालींवर घरोघर पोंचलें, आणि फडके यांच्या गीतरामायणाच्या कार्यक्रमांत ज्यांच्या व्हायोलिनची सांथ असे ते प्रभाकर जोग (१९३२-२०२१) पुढें ‘गाणारें व्हायोलिन’ या नांवानें प्रसिद्ध झाले. जोगांच्या वादनाचें वर्म काय? त्यांच्या व्हायोलिनवर ऐकणाऱ्याला गाण्याचे शब्द ऐकूं येत. शब्द तर तारेंतून निघत नाहींत. पण अक्षर कोठें आपटतें, कोठें लांबतें, ऱ्हस्वावर गज किती लवकर उचलावा, अनुनासिकाच्या आधीं स्वर कसा मिटत आणावा, हें त्यांनीं मराठी भाषेपासून घेतलें होतें. अनिल मोहिले यांच्यासारख्या वाद्यरचनाकारांनीं तीच दृष्टि ताफ्याच्या लेखनांत आणली. ते स्वतः व्हायोलिनवादक होते. मराठी भावगीताच्या मागें वाजणारीं व्हायोलिनें मराठी बोलत असत, हें विधान म्हणूनच आम्ही भावनेच्या भरांत करीत नाहीं. तें तपासून पाहतां येण्याजोगें आहे. एखाद्यानें गायकाचा आवाज मनानें बाजूस सारून जुन्या गाण्यांतले केवळ मधले तुकडे ऐकावे.

हा ताफा १९९० नंतरच्या दशकांत विसकटला. वृंद एकत्र बसवून मुद्रण करण्याची पद्धत मोडली. एकेक वादक वेगवेगळ्या वेळीं येऊन आपला भाग वाजवून जाऊं लागला, नंतर तोहि येईनासा झाला आणि त्याच्या जागीं पट्टीफलक आला. ग्रेगरी बूथ या अभ्यासकानें २००८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘बिहाइंड द कर्टन’ या ग्रंथांत मुंबईच्या वादकांच्या तोंडूनच ही हकीकत सविस्तर आली आहे, आणि संगीतावर लिहिणाऱ्या प्रत्येकानें ती वाचावी अशी आमची शिफारस आहे. ही आपत्ति केवळ आमचीच होती असें नाहीं. १९८२ सालीं लंडनमधील वादकसंघाच्या एका शाखेनें सिंथेसायझरवर बंदी घालावी असा ठराव केला होता. ठराव हास्यास्पद ठरला. परंतु फरक असा कीं, लंडनच्या वादकांना मागून स्वरसंग्रहांच्या रूपानें निदान एक नवीन काम मिळालें. स्पिटफायर कंपनीनें तर संग्रहांच्या विक्रींतला अंश वादकांस देण्याची पद्धत घातली. वादकाचा हात गेल्यावरहि त्याचा स्वर पोट भरूं शकतो, ही कल्पना न्याय्य आहे आणि तिचें आम्ही स्वागत करतों. आज जे संग्रह सर्वत्र वापरांत आहेत ते लंडन, व्हिएन्ना, प्राग, लॉस एंजिल्स येथील दालनांत मुद्रित झालेले आहेत. मुंबईच्या ताफ्याचा स्वर जुन्या तबकड्यांत आणि चित्रपटांत आहे. हत्यार म्हणून तो आमच्या नव्या संगीतकाराच्या हातीं आलेला नाहीं.

याचा परिणाम प्रत्यक्ष रचनेवर काय होतो? गेल्या एक-दोन वर्षांत आमच्या भागांत तयार झालेलीं कांहीं गाणीं आम्ही लक्षपूर्वक ऐकलीं: कांहीं भक्तिगीतें, कांहीं लग्नसराईचीं, कांहीं तरुणांचीं प्रेमगीतें. नांवें घेण्याचें कारण नाहीं. दोष एकाचा नाहीं. जवळजवळ प्रत्येक गाण्यांत व्हायोलिनें होतीं, आणि जवळजवळ कोणत्याहि गाण्यांत त्यांना बोलावयास कांहीं दिलेलें नव्हतें. तीं खालीं जाजमासारखीं पसरलेलीं असतात. ध्रुवपदापूर्वीं एक चढती लाट, मग ढोलकी, मग पुनः जाजम. ओळीला उत्तर द्यावयाचें असलें कीं तें बांसरीकडे किंवा सतारीच्या एखाद्या तुकड्याकडे जातें. याचें कारण आळस नव्हे. पोरगा पट्टीफलकावर बसतो, एक ओळ व्हायोलिनांवर वाजवून पाहतो. ती त्याच्या कानांतल्या जुन्या गाण्यासारखी सरकत नाहीं, अडखळते. तो ती खोडून टाकतो आणि दोन बोटें दाबून संधिस्वर धरतो. तो ताबडतोब सुंदर वाजतो. कोठारांत जें उत्तम आहे तेंच मागण्याची संवय अशा रीतीनें लागते, आणि जें कोठारांत नाहीं तें मागण्याची इच्छा हळूहळू मावळते. हत्यारानें कारागिराला शिकविण्याचा हा प्रकार आहे. त्यांत आणखी एक गंमत अशी कीं, दोन पट्ट्या एकदम दाबल्या म्हणजे सोळा व्हायोलिनांचीं बत्तीस होतात, तीन दाबल्या तर अठ्ठेचाळीस. खऱ्या ताफ्यांत सोळाच वादक दोन स्वरांत वांटले जाऊन स्वर पातळ होतो. २००९ सालीं लॉस एंजिल्सच्या एका संग्रहानें ताफ्याचे लहान लहान गट स्वतंत्र मुद्रित करून यावर उपाय केला. परंतु फुकट किंवा स्वस्त मिळणाऱ्या संग्रहांत ही सोय बहुधा नसते, आणि म्हणून साध्या हळदीच्या गाण्यामागें पन्नास व्हायोलिनांची फौज उभी राहते.

येथें ‘सैराट’चा दाखला कोणी आमच्याविरुद्ध देईल, आणि तो विचारांत घेण्याजोगा आहे. २०१६ सालच्या त्या चित्रपटासाठीं अजय-अतुल यांनीं संग्रहावर न भागवितां लॉस एंजिल्सजवळील सोनीच्या मुद्रणदालनांत प्रत्यक्ष वृंदाकडून वाजवून घेतलें. १९३९ च्या ‘विझार्ड ऑफ ऑझ’ चें संगीत ज्या दालनांत मुद्रित झालें तेंच हें. मराठी खेड्यांतल्या प्रेमकथेला एवढा परदेशी डामडौल कशाला, अशी कुजबुज तेव्हां झाली. आम्ही त्या कुजबुजींत सामील नाहीं. ‘याड लागलं’ या गाण्यांत तो ताफा एकत्र श्वास घेतो. लाट चढतांना सर्व गज एकाच वेळीं जड होतात आणि उतरतांना कोणी अर्धा क्षण आधीं, कोणी नंतर सोडतो. कोठारांतल्या कोणत्याहि तुकड्यांनीं हें साधत नाहीं, आणि ज्यांनीं हें गाणें संग्रहाच्या आधारें पुनः वाजविण्याचा प्रयत्न केला आहे त्यांना तें ठाऊक आहे. चाल अस्सल मराठी आणि तिच्यामागचा सूर दूरच्या प्रांताचा, यांतून त्या चित्रपटांतल्या पोरापोरींच्या स्वप्नाला साजेसा एक परकेपणा उत्पन्न झाला, तोहि आम्हांस मोलाचा वाटतो. पण तो परकेपणा तेथें विचारपूर्वक विकत घेतलेला होता. आमच्या खोलींतल्या मुलाच्या पदरीं तोच परकेपणा न मागतां पडतो, आणि दुसरें कांहीं त्याला मिळत नाहीं. शिवाय जे संगीतकार सातासमुद्रांपलीकडे जाऊं शकतात, किंवा बुडापेस्टच्या वृंदाकडून तारायंत्राच्या नव्या अवतारावरून घरबसल्या वाजवून घेऊं शकतात, त्यांची गोष्ट निराळी. १९७० सालच्या सुमारास मध्यम खर्चाच्या मराठी चित्रपटालाहि मुंबईंत खरा ताफा मिळूं शके. आज मध्यम खर्चाच्या गाण्याला कोठार, आणि मोठ्या खर्चाच्या गाण्याला परदेश, अशी वांटणी झाली आहे.

कोणी म्हणेल, २००६ सालीं मुंबईंत एन.सी.पी.ए. येथें सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला आहे. मग ताफा नाहीं असें कसें? तो वृंद पाश्चात्य अभिजात संगीतासाठीं आहे, त्याचे पुष्कळ वादक बाहेरदेशचे आहेत, आणि तें काम तो निष्ठेनें करतो. आम्ही ज्या बोलीविषयीं बोलत आहों ती तेथें शिकविली जावी ही अपेक्षा अन्यायाची होईल.

मग करावें काय? आमच्या मतें काम स्पष्ट आहे आणि तें अशक्य कोटींतलें नाहीं. जुन्या ताफ्यांत बसलेले कांहीं वादक अद्यापि आपल्यांत आहेत. त्यांच्यापैकीं दहा-बारा एकत्र बसवून, त्यांच्या जोडीला तितकेच तरुण देऊन, त्यांच्याकडून सुटे स्वर नव्हे तर जोडलेले स्वर मुद्रित करून घ्यावे: आमच्या रागांत नित्य येणाऱ्या मींडी, कणस्वर, ओळ संपतांनाचें ओसरणें, आणि तेंहि तीन-चार गतींत. वर दिलेल्या हिशेबानें पाहतां हे तुकडे व्हिएन्नाच्या कामापेक्षां संख्येनें फार कमी भरतील, कारण आम्हांस बारा स्वरांचा प्रत्येक प्रवास नको. यमनांत जे लागतात ते, भैरवींत जे लागतात ते, एवढे पुरेत. वादकांस मुद्रणाचा मोबदला द्यावा आणि विक्रींतला अंशहि द्यावा. हें एखाद्या विद्यापीठानें करावें किंवा एखाद्या कंपनीनें, याची आम्हांस क्षिति नाहीं. फक्त वादकांचीं वयें पाहतां विलंबाला जागा नाहीं.

आणि गजाच्या वाद्यांचा विषय निघालाच आहे तर आपल्या दाराशीं असलेल्या एका वाद्याचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाहीं. केळापूर, घाटंजी, झरी-जामणी या बाजूला राहणाऱ्या परधान लोकांची किंगरी तीन तारांची, गजानें वाजणारी. तिच्या सांथीवर परधान गोंडांच्या वंशकथा गातात. पैनगंगेपलीकडे आदिलाबाद भागांतल्या याच परंपरेची नोंद फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनीं १९४० नंतरच्या दशकांत केली. या वाद्याचेंहि कोठार करावें असें आतां कोणाच्या मनांत येईल, आणि आज ना उद्यां कोणी करीलहि. त्याला एवढेंच सांगणें कीं, येथें अर्धस्वर मोजून चालणार नाहीं. गाणारा आणि वाजविणारा एकच. किंगरी त्याच्या गळ्याच्या उंचीवर लागते, ओळीच्या शेवटीं गज गळ्याआधीं थांबतो कीं मागून थांबतो हें कथेंतल्या प्रसंगावर ठरतें, आणि एका परधानाची किंगरी दुसऱ्याच्या किंगरीशीं जुळविण्याचा प्रश्नच कधीं आलेला नाहीं. तिचें मुद्रण करावयाचें तर कथा पहिल्यापासून शेवटपर्यंत, रात्र लागली तरी, एकसलग घ्यावी लागेल. आणि तिच्यावर गाणाराचें नांव घालावें लागेल.